बेचाळीस पेले

“काल दादा आला होता,” नणंद म्हणाली आणि पावाचा तुकडा दुधात बुडवून तो मऊ पडायची वाट पाहत बसली.

चवताईने मान वर केली नाही. ती डब्याचं झाकण लावत होती आणि झाकण नेमकं आजच बसत नव्हतं.

“कुठे?” तिने विचारलं.

“दारातच, नेहमीसारखा. बूट घालून उभा. म्हटलं, अरे आत ये, बस जरा. तर म्हणतो, बूट काढत नाही, थांबायला वेळ नाही. तुझी वहिनी कुठेय?”

“मग?”

“मी म्हटलं, आत आहे, झोपलीय. तर म्हणाला, छे, ती कुठली झोपतेय.”

झाकण एकदाचं बसलं. चवताईने डबा पिशवीत टाकला, चपला पायात सरकवल्या आणि बाहेर पडली. जिन्याच्या वळणावर मात्र तिला थांबावं लागलं. छातीत काहीतरी फडफडत होतं. हल्ली ते रोज फडफडे. ती कठड्याला धरून उभी राहिली आणि मनात म्हणाली, बहिणीकडे जायला वेळ आहे तुला.

चवताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. एनर्जी ड्रिंकच्या कारखान्यात ती चव पाहायच्या खोलीत कामाला होती, म्हणून सगळे तिला तसं म्हणत. एकवीस वर्षांत ते नाव इतकं अंगवळणी पडलं, की नवराही लाडात आला की तीच हाक मारायचा. त्याला जाऊन आता चौदा महिने झाले होते. या चौदा महिन्यांत तो नणंदेच्या स्वप्नात अकरा वेळा येऊन गेला. शेजारच्या गणिताच्या बाईंच्या स्वप्नात येऊन त्याने त्यांच्या विजेच्या मीटरचा आकडा सांगितला. एवढंच कशाला, कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या स्वप्नातसुद्धा तो खुर्चीत बसून कानामागचे केस कापून घेऊन गेला. जिवंतपणी त्या न्हाव्याशी त्याचं कधी धड पटलं नव्हतं.

बायकोच्या स्वप्नात तो एकदाही आला नाही.

हे ती कुणाला सांगत नसे. सांगण्यासारखं होतं तरी काय? बावन्न वर्षांची, नोकरी करणारी बाई नवरा स्वप्नात येत नाही म्हणून रुसली आहे, हे ऐकून कुणालाही हसू आलं असतं. पण ती रुसली होती हे खरं. आणि त्या रुसव्याच्या खाली एक भीती होती. तो गेला तेव्हा ती इस्पितळात नव्हती, पाचच्या फेरीला कारखान्यात होती. निरोप आला तेव्हा तिसरा पेला तोंडात होता. तो घोट तसाच गिळून ती धावली, पण पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्याचा राग आला असेल का त्याला? एकदा, एकदाच दिसावा, एवढंच तिला हवं होतं. मग तो रागावलेला दिसला असता तरी चाललं असतं.

नवरा मीटरचे आकडे टिपून नेणारा होता. तीस वर्षं त्याने लोकांचे जिने चढण्यात घालवली. संध्याकाळी घरी आला की दाराशेजारच्या बुटक्या स्टुलावर बसायचा, नाड्या सैल करायचा, बूट काढायचा, दोन्ही बुटांची तोंडं भिंतीकडे करून ते जोडीने लावायचा आणि मग म्हणायचा, “हुश्श. आलो बरं का.” त्याआधी त्याला काही विचारलं तर उत्तर मिळायचं नाही. बूट पायात आहेत तोवर मी बाहेरच आहे, असं त्याचं म्हणणं. एकदा ती घाबरून ‘दूध उतू गेलं, गॅस विझला’ असं ओरडत आली, तरी हा पठ्ठ्या शांतपणे दुसऱ्या बुटाची नाडी सोडवत होता.

म्हणून बूट घालून दारात उभा असलेला नवरा नणंदेला दिसतो, हे चवताईच्या मनाला फार लागे.

*

चव पाहायच्या खोलीत पांढऱ्या फळ्यांनी पाडलेले आठ कप्पे होते. प्रत्येक कप्प्यात एक खुर्ची, कोमट पाण्याचा तांब्या, फिक्क्या पावाचे दोन तुकडे, थुंकायला झाकणाची बादली आणि समोरच्या भिंतीत एक छोटी खिडकी. दिवे तांबडे. पेयाचा रंग दिसला की माणूस चव डोळ्यांनी घ्यायला लागतो, म्हणून. त्या उजेडात आपलेच हात दुसऱ्या कुणाचे तरी वाटायचे. बोलायचं नाही, गुणगुणायचं नाही. खिडकी वर सरकायची, तीन लहान पेल्यांचा ट्रे आत यायचा, प्रत्येक पेल्यावर तीन आकडी नंबर. दोन पेले सारखे, एक वेगळा. वेगळा कुठला ते कागदावर लिहायचं आणि खिडकी ठोठावायची. अशा चौदा खेपा, दिवसभरात तीन फेऱ्यांत वाटलेल्या. बेचाळीस पेले.

पहिला कप्पा चवताईचा. तो मान होता आणि तिने तो कमावला होता. काही वर्षांपूर्वी एक पेला तोंडात घेऊन तिने आख्खी टाकी थांबवली होती. “साखर दुसऱ्या पोत्यातली आहे,” असं ती म्हणाली. लोक हसले. मग कुणीतरी गोदामात जाऊन पाहून आलं, आणि हसणाऱ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली.

या जिभेपायी घरानेही कमी सोसलं नव्हतं. कामावर असलेल्यांनी चहा प्यायचा नाही, कॉफी नाही, अत्तर नाही, सकाळी आठनंतर कांदा नाही. नवऱ्याला पेपरमिंटच्या गोळ्यांचा भारी शौक. पण त्या वासाने तिचं तोंड बिघडतं, असं कळलं त्या दिवशी त्याने खिशातली पुडी न्हाव्याच्या टेबलावर ठेवून दिली. मरेपर्यंत परत गोळी तोंडात टाकली नाही. याबद्दल तो कधी बोलला नाही आणि तिनेही कधी आभार मानले नाहीत. नवरा-बायकोत तसं कुणी मानत नाही.

तीन वर्षांपूर्वी कारखान्याने नवा, जास्त जोरकस प्रकार काढला. डब्यावर वीज काढलेली, खाली जीवनसत्त्वांची यादी. चवताईला त्या डब्याच्या आतलं सगळं ठाऊक होतं. आधी साखर, भरपूर. मग आंबटपणा, मग नाकात जाणारा बुडबुड्यांचा चुरचुराट, मग औषधाच्या गोळीसारखा येणारा जीवनसत्त्वांचा वास. आणि या सगळ्या गर्दीच्या मागे, अगदी शेवटच्या रांगेत, कॅफिनचा कडवटपणा. वेगळा पेला ओळखायचा तो बहुतेक वेळा त्या कडवटपणावरून.

आणि तोच तिला लागेनासा झाला. पन्नाशी जवळ आली की जीभही म्हातारी होते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तोंडात घोळवून थुंकलं तर नुसती साखर कळायची. एके दिवशी चुकून घोट गिळला गेला आणि क्षणभराने घशातून तो कडवटपणा वर आला, अगदी स्पष्ट. तिचा कागद बरोबर आला. दुसऱ्या दिवशी तिने तो मुद्दाम गिळला.

नियम थुंकायचा होता. पण तांबड्या उजेडात कोण बघतंय? एक घोट पहिल्यांदा, एक खात्रीसाठी. एवढ्याशा पेल्यातला घोट तो केवढा! शिवाय ते काम होतं. चवताईच्या लेखी पिणं म्हणजे पाय पसरून, गप्पा मारत, ग्लास भरून पिणं. तसं तिने कारखान्याचं पेय आयुष्यात कधी प्यायलं नव्हतं.

*

म्हणूनच वर्षाच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा तिने अगदी छातीठोकपणे सांगितलं होतं.

“चहा?”

“नाही.”

“कॉफी?”

“शिवत नाही.”

“तुमच्या कारखान्याचं एनर्जी ड्रिंक?”

“मी? छे! एक डबा विकत घेतला नाही कधी. घरातसुद्धा आणत नाही.”

“मग नाडी एवढी का पळतेय हो? रक्तदाबही वर आहे. आणि हा हात असा समोर धरा बरं.”

हात समोर धरला तर बोटं थरथरत होती. डॉक्टरीणबाईंनी ते पाहिलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि मग आवाज खाली आणून विचारलं, “झोप लागते का?”

“डोळे मिटून पडते.”

“घरी काही झालंय का?”

“माझे मिस्टर गेले,” चवताई म्हणाली. यापुढे कुणाला काही विचारता येत नाही. डॉक्टरीणबाईंनीही विचारलं नाही. फिरायला जा, मन रमवा, मीठ कमी करा, महिन्याने परत या, असं म्हणून त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. नाडीचा आणि नवऱ्याचा संबंध दोघींनाही पटला.

तिची झोप म्हणजे एक विचित्रच प्रकार होता. अंग थकून शिळ्या भाकरीसारखं झालेलं असायचं आणि डोक्यात मात्र कुणीतरी दिवा लावून बसलेलं. मिटल्या डोळ्यांसमोर तांबडं दिसत राही आणि त्यातून आकडे तरंगत जात. चारशे सतरा. आठशे बासष्ट. दोनशे नऊ. कधी पापणी जड झाली, आता बुडणार असं वाटलं, की कशाने तरी दचकून ती परत वर. शेजारी नणंद घोरत असे. ती घरी बसून लोकांच्या कपड्यांना टीप मारून द्यायची, आणि उशीला डोकं टेकलं की बाईसाहेब दुसऱ्या गावी पोचलेल्या. सकाळी स्वप्न सांगायची ते साग्रसंगीत, त्यातल्या माणसांच्या सदऱ्याला किती बटणं होती त्यासकट. चवताईला तिचा कधी कधी इतका मत्सर वाटे, की तिच्या शिंकेचाही राग यावा.

*

डब्याचं झाकण बसत नव्हतं त्या दिवशी, म्हणजे ‘ती कुठली झोपतेय’ हे ऐकून ती कामावर गेली त्या दिवशी, संध्याकाळची फेरी संपल्यावर ती उठायला गेली आणि तिचा तोल गेला. कप्प्याची फळी धरून ती परत खाली बसली. तेवढ्यात बादल्या उचलणाऱ्या मावशी आल्या. मावशींची नोकरी चवताईहूनही जुनी.

“बसा बसा ताई, घाई नाही,” मावशी म्हणाल्या. “तुमच्या कप्प्यात मला काम असतंच कुठे? बाकीच्यांच्या बादल्या उचलताना कंबर मोडते माझी. तुमची म्हणजे फुलासारखी हलकी.”

“हलकी?”

“रिकामीच असते की! मी तर सगळ्यांना सांगते, काम करावं ते ताईंनी. एक थेंब सांडणार नाही. नाहीतर तो तिसऱ्या कप्प्यातला बाबा, दिवसाला अर्धी बादली भरतो.”

मावशींनी बादली एका बोटावर उचलून दाखवली. तिच्या तळाशी तांबड्या उजेडात बोटभर पाणी हललं.

“मग माझं जातं कुठं?” चवताई म्हणाली.

मावशींना तो विनोद वाटला. त्या हसत हसत पुढच्या कप्प्यात गेल्या. चवताई मात्र तिथेच बसून राहिली. मान खाली घालून तिने आपल्या पोटाकडे पाहिलं, मग छातीकडे. ती फडफड तिथेच होती.

घरी गेल्यावर तिने जेवणाच्या टेबलावर पाण्याचा जग ठेवला, शेजारी दुधाचं मापाचं भांडं आणि कारखान्यातल्यासारखा एक लहान पेला. खुर्ची पुढे ओढून बसली. पेला भरला, रोजच्यासारखा एक घोट घेतला, आणि गिळण्याऐवजी तो भांड्यात सोडला. मग खात्रीचा दुसरा घोट. तोही भांड्यात. पेला बाजूला. पुढचा.

नणंद मशीनवरून उठून आली. “वहिनी, अगं हे काय चाललंय?”

“मोजतेय. मध्ये बोलू नकोस. सात.”

“बरं वाटतंय ना तुला?”

“आठ.”

नणंद समोर बसली. तिला काही कळलं नव्हतं. पण घरात कुणी एवढ्या गंभीरपणे काही करत असलं की तिला तिथे बसावंसं वाटे. विसाव्या पेल्यापासून तीही बोटांवर मोजू लागली. बेचाळिसाव्या पेल्यानंतर दोघी वाकून भांड्यावरच्या रेघेकडे पाहत राहिल्या. पाणी साडेआठशेच्या रेघेला टेकलं होतं.

“म्हणजे किती गं?” नणंदेने विचारलं.

“आमचे लहान डबे असतात ना, ते तीन. वर थोडं.”

“एवढं तू रोज पितेस?”

“पीत नाही गं,” चवताई म्हणाली, आणि परत त्या रेघेकडे पाहिलं.

*

दुसऱ्या दिवशी ती मापाचं भांडं पिशवीत घालून डॉक्टरीणबाईंकडे गेली. भांड्याची तशी गरज नव्हती, पण रिकाम्या हाताने खोटं कबूल करायला तिला संकोच वाटत होता. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी कागद घेतला आणि हिशेब मांडला. साखर तेवीस चमचे, रोज. कॅफिन तीन कप कडक कॉफीएवढं.

“काहींना एवढं चालूनही जातं,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला चालत नाहीये, हे तुमची नाडीच सांगतेय. शेवटची फेरी कधी असते?”

“पाचला.”

“म्हणजे त्यातलं अर्धंमुर्धं रात्री दहा-अकरापर्यंत तुमच्या रक्तात फिरत असतं. झोप येणार कुठून?”

“पण डब्यावर शक्ती लिहिलेलं असतं. मला तर शक्ती कुठे दिसत नाही.”

“त्यातली शक्ती म्हणजे साखर. बाकी, थकवा कुठे जात नाही हो. तो तिथेच असतो, फक्त त्याची तक्रार तुमच्यापर्यंत पोचत नाही.”

चवताईने मान डोलावली. मग भांड्याच्या कडेवरून बोट फिरवत तिने विचारलं, “डॉक्टर, झोप अशी अर्धवट असली तर… स्वप्नं पडत नाहीत का?”

“पडली तरी लक्षात राहत नाहीत पुष्कळदा. नीट झोपलाच नाही माणूस, तर स्वप्नांना जागा कुठे मिळणार?”

डॉक्टरीणबाईंना वाटलं, बाई सहज विचारतेय. चवताई रस्त्यावर आली आणि दुकानाच्या पायरीवर बसून रडली. तिला वाईट वाटत नव्हतं. तो रागावलेला नव्हता. कदाचित रोज येत होता बिचारा, दारापर्यंत येऊन परत जात होता, आणि जाता जाता बहिणीला, शेजारणीला, न्हाव्याला विचारत होता की ही झोपते कधी. येणारे-जाणारे बघत होते. तिने बघू दिलं.

*

आता कुणी म्हणेल, मग त्यात काय, उद्यापासून थुंकायचं. तिनेही तेच केलं. तीन दिवस अगदी प्रामाणिकपणे थुंकली. मावशींना बादली दोन्ही हातांनी उचलावी लागली. आणि तीन दिवसांत चौदाच्या चौदा कागद कधी बरोबर आले नाहीत. पहिल्या दिवशी पाच चुकले, दुसऱ्या दिवशी सहा, तिसऱ्या दिवशी सात.

खोलीचे साहेब तिच्याहून वीस वर्षांनी लहान होते. त्यांनी कागद टेबलावर पसरले आणि एकेक उचलून परत पाहिला.

“ताई, सर्दी झालीय का?”

“नाही साहेब.”

“मग सुट्टी घ्या चार दिवस. पहिल्या कप्प्याचे कागद असे येऊन कसं चालेल? तुमच्या जिभेवर टाक्या सुटतात इथे.”

बोलून टाकावं की नाही, असा तिला क्षणभर प्रश्न पडला. पुन्हा गिळायला लागलं की सगळे कागद सरळ होणार होते. कुणाला कळणारही नव्हतं. पहिला कप्पा, ती खुर्ची, वाटेत भेटला की आदराने बाजूला होणारा गोदामवाला, सगळं तसंच राहिलं असतं. या जिभेसाठी एका माणसाने मरेपर्यंत गोळी खाल्ली नव्हती. ती अशी सोडून द्यायची?

“सर्दी नाही,” ती म्हणाली. “माझी जीभ गेलीय. तीन वर्षं झाली. मी गिळून लिहीत होते.”

साहेबांनी चष्मा काढला. “कुणाला सांगू नका,” ते म्हणाले. “लिहून दिलंत तर मला तुम्हाला पहिल्या कप्प्यावरून काढावं लागेल.”

“काढा.”

“अहो ताई, सहा वर्षं राहिलीत तुमची. कशाला उगीच?”

“मला झोप हवीय साहेब,” चवताई म्हणाली. यापलीकडे त्यांना सांगण्यासारखं नव्हतं. सांगितलं असतं तरी त्यांना कळलं नसतं. त्यांची सगळी माणसं अजून घरी होती.

साहेब भले होते. मागच्या बाजूला कारखान्याचं साध्या पाण्याच्या बाटल्यांचं युनिट होतं. तिथेही चव पाहायला कुणीतरी लागे. पाण्यात वासही नाही, गोडवाही नाही, त्यामुळे तिथे जायला कुणी तयार नसे आणि गेलेला माणूस मानाने चार पायऱ्या खाली उतरला असं समजत. पाण्यात कडवटपणा शोधायचा नव्हता. नळीचा, प्लॅस्टिकचा, मातीचा वास तेवढा पकडायचा, आणि तेवढं तिचं नाक अजून शाबूत होतं. सोमवारपासून तिकडे जा, म्हणाले.

शुक्रवारी संध्याकाळी तिने पहिल्या कप्प्यातल्या खुर्चीवरची आपली उशी उचलली. तांबड्या उजेडात ती उशी काळी दिसायची. बाहेर आणल्यावर कळलं, ती निळी होती.

*

ती थुंकायला लागल्याच्या दुसऱ्या दिवसापासून डोकं दुखत होतंच, शनिवारी त्याचा कहर झाला. कपाळाच्या मागे कुणी खिळा ठोकत असावं तसं. डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं की असं होईल, शरीर रोजच्या कॅफिनला हाका मारेल, आठवडाभर दम धरा. नणंदेला हे पटलं नाही. तिने डोक्याला ओला पंचा बांधला, खिडकीचे पडदे ओढले आणि पायाशी बसून राहिली.

“वहिनी, एक घोट आणू का कुठून? जरा बरं वाटेल.”

“नको.”

“अगं, पण एवढा हट्ट कशासाठी?”

चवताईने डोळे मिटले होते. “तुझा दादा,” ती म्हणाली, “दारात उभा आहे ना.”

नणंदेने वहिनीचे पाय मांडीवर घेतले आणि दाबत राहिली. मग ती रडत असावी, कारण पायांवर थेंब पडले. दोघी ते पाणी पंच्याचं आहे असं धरून चालल्या.

रविवारी दुपारी डोकं उतरलं. घरात कुणी बोलत नव्हतं. बाहेरच्या खोलीत शिवणयंत्र थोडं चालायचं, थांबायचं, परत चालायचं. पडद्यामागून पिवळा उजेड येत होता. चवताईने मिटल्या डोळ्यांसमोर तांबड्याची वाट पाहिली. तांबडं आलं नाही. आकडे आले, पण पुसट होते. चारशे… पुढचं वाचता आलं नाही. शिवणयंत्राचा आवाज दूर गेला, मग जिन्यावरच्या पावलांसारखा झाला. कुणीतरी सावकाश चढत होतं. एक मजला, दुसरा मजला. वळणावर दम घ्यायला थांबलं. तिथेच ती स्वतःही थांबत असे.

दार उघडंच होतं. त्याने नेहमीचा निळा सदरा घातला होता आणि खिशाला पेन्सिल होती. बूट धुळीने भरलेले, पायात. तो उंबऱ्यात उभा राहून आत पाहत होता. तिला किती बोलायचं होतं. पाचच्या फेरीचं, तिसऱ्या पेल्याचं, धावत आल्याचं, उशीर झाल्याचं. पण बूट पायात आहेत तोवर तो उत्तर देणार नाही, हे तिला झोपेतही माहीत होतं. म्हणून ती गप्प बसली.

तो आत आला. बुटक्या स्टुलावर बसला. वाकून त्याने एक नाडी ओढली. गाठ बसली होती, ती त्याने नखाने सोडवली. मग दुसरी. त्याला काही घाई नव्हती. तो जवळ वाकला तेव्हा पेपरमिंटचा वास आला, थंडगार, एकवीस वर्षांनी, आणि तिचं तोंड मुळीच बिघडलं नाही.

ती उठली तेव्हा उजेड पडद्यावरून खाली उतरून फरशीवर आला होता. शिवणयंत्र थांबलं होतं. नणंद दारात उभी होती, हातात अर्धी टीप मारलेला कुणाचा तरी झगा.

“तीन तास झोपलीस,” ती कुजबुजली. “हाका मारल्या मी. घाबरले ना.” मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून एकदम म्हणाली, “आला होता?”

“हो.”

“काय म्हणाला?”

चवताई उठून बाहेरच्या खोलीत गेली. दाराशेजारचं बुटकं स्टूल चौदा महिने भिंतीला पालथं टेकवून ठेवलं होतं. तिने ते सरळ केलं, पदराने पुसलं.

“काही नाही,” ती म्हणाली. “बूट काढले.”